इंजिनाचा घरगुती मेंदू : वेग महत्त्वाचा की वक्तशीरपणा?

पेट्रोल इंजिनात इंधन किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची, हे पूर्वी कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर ठरवीत. १९६७ साली बॉशच्या डी-जेट्रॉनिक यंत्रणेने फोक्सवॅगन गाडीत इंधनाचे माप इलेक्ट्रॉनिक मंडलाकडे सोपविले. १९७९ साली मोट्रॉनिकने इंधन व ठिणगी दोन्हींचे नियंत्रण एकाच अंकीय पेटीत आणले. अशी पेटी घरी बनवायची, तर चिप कोणती घ्यावी?

आधी एक गणित करू. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला १० मिलिसेकंद लागतात. फेऱ्याचे अंश ३६०. म्हणजे एका अंशाला सुमारे २८ मायक्रोसेकंद. भार असताना ठिणगी फार लवकर पडली, तर नॉकिंग सुरू होते आणि दट्ट्याला भोकही पडू शकते. तेव्हा चिपची खरी परीक्षा ही, की ठरल्या क्षणी ती हजर असते का?

२००१ साली अमेरिकेत ब्रूस बॉलिंग आणि अल ग्रिपो यांनी ‘मेगास्क्वर्ट’ हा घरी जुळवायचा संच तयार केला. त्यांनी मोटोरोलाचा ८ बिटांचा, ८ मेगाहर्ट्झचा मायक्रोकंट्रोलर निवडला. त्याची रॅम अवघी ५१२ बाइट! तरीही तो पुरला, कारण त्याच्याकडे सुरुवातीला फक्त इंधनाचे काम होते. इंजेक्टर तो ०.१ मिलिसेकंदाच्या पायऱ्यांनी उघडा ठेवी. इंधनाला एवढी अचूकता चालते. ठिणगीला मात्र ही पायरी साडेतीन अंशांहून मोठी पडते.

पुढे ‘स्पीडुइनो’ने १६ मेगाहर्ट्झच्या अर्ड्युइनो मेगा २५६० वर ठिणगीही सांभाळली. त्या चिपवर १६ बिटांचे चार टायमर आहेत. हिशेब चालू असतानाही ते वेळ मोजत राहतात. ‘रसईएफआय’ने १६८ मेगाहर्ट्झची, ३२ बिटांची एसटीएम३२ चिप घेतली. ती ३.३ व्होल्टवर चालते आणि मोटारीतले बरेच संवेदक ५ व्होल्टचे असतात, त्यामुळे जोडणी थोडी वाढते.

मग २०१२ साली आलेला ७०० मेगाहर्ट्झचा रास्पबेरी पाय का नको? त्यावरील लिनक्स एकाच वेळी अनेक कामे वाटून घेते. एखादे काम शेकडो मायक्रोसेकंद मागे पडले, तर पडद्यावर ते जाणवतही नाही. इंजिनात मात्र तेवढ्यात कित्येक अंश निघून जातात.

विद्यार्थ्यांना हेच गणित ३००० फेऱ्यांसाठी करायला सांगावे. चिप निवडताना मेगाहर्ट्झचा आकडा सर्वांत शेवटी का पाहायचा, हे त्यांना आपोआप उमगेल.