मानमोडी : साधे पडसे आणि १९१८ चे वऱ्हाड

१९२१ ची शिरगणती झाली तेव्हा वऱ्हाडच्या चार जिल्ह्यांची लोकसंख्या सुमारे ३० लाख ७५ हजार भरली. १९११ मध्ये ती सुमारे ३० लाख ५७ हजार होती. त्याआधीच्या दहा वर्षांत याच प्रदेशात तीन लाख माणसांची भर पडली होती. या दहा वर्षांत जेमतेम अठरा हजारांची. काळ्या कसदार जमिनीच्या, कापसाच्या पैशाने गजबजलेल्या अमरावती-अकोल्याच्या मुलखात माणसे वाढायची थांबली कशी?

प्लेग होता, महागाई होती. पण सर्वांत मोठा घाव घातला तो १९१८ च्या शरद ऋतूतील काही आठवड्यांनी. ज्या आजाराने तो घातला, त्याची पहिली लक्षणे घरोघरी ओळखीची होती : घसा खवखवणे, नाक वाहणे, अंग मोडून येणे.

‘पडसे’ हा मराठी शब्द संस्कृत ‘प्रतिश्याय’पासून आला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात या विकाराची चर्चा आहे आणि सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात त्याला स्वतंत्र अध्याय आहे. धूळ, धूर, जागरण, थंडी ही त्याची कारणे म्हणून दिलेली आढळतात. नवे पडसे आणि पिकलेले पडसे असा भेदही या ग्रंथांनी केला आहे. आजही ‘सर्दी पिकली’ असे सहज म्हटले जाते, त्यामागे हीच जुनी कल्पना आहे. पातळ पाण्यासारखा शेंबूड तीन-चार दिवसांनी घट्ट व पिवळसर होतो, हे निरीक्षण अचूक आहे. आजाराचा तो नेहमीचा क्रम असतो आणि केवळ रंग बदलला म्हणून जंतुनाशक औषधाची गरज पडत नाही. दुर्लक्षित पडशातून खोकला आणि पुढे क्षय उद्भवतो, असा इशाराही जुन्या वैद्यांनी देऊन ठेवला होता. पडसे क्षुल्लक आहे, असे त्यांनी कधीच मानले नव्हते.

वऱ्हाडात या त्रासाला निमित्तांची वाण नव्हती. दसऱ्यानंतर कापूस वेचणीला येई आणि जिनिंग कारखान्यांत सरकी वेगळी होताना तंतूंची धूळ हवेत भरून राही. घरातली चूल पऱ्हाट्यांवर पेटे. तिचा धूर नाकाघशाला झोंबे. दिवसा ऊन आणि पहाटे गारवा, अशा दिवसांत शिंकांना ऊत येई. धुळीने आणि धुराने येणारे हे नाकाचे पाणी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. खरी सर्दी जाते, कारण ती विषाणूंमुळे होते आणि असे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. वरुड-मोर्शीच्या संत्र्यांवर हिवाळ्यात घसा धरल्याचा आळ येतो, तो मात्र निव्वळ अन्यायाचा.

घरचा औषधसाठाही भरलेला असे. हळद, सुंठ, मिठाच्या गुळण्या, वाफारा, कुंपणाला लावलेल्या अडुळशाचा काढा, दूरच्या व्यापारातून येणारे ज्येष्ठमध आणि तव्यावर भाजून फडक्यात बांधलेला ओवा. या ओव्याची एक गंमत आहे. त्याच्या वासातला मुख्य घटक थायमॉल. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातून ओवा जर्मनीत जाई, तेथे त्यातून थायमॉल काढले जाई आणि जंतुनाशक म्हणून ते जगभर विकले जाई. अडुळशाचेही तसेच झाले. त्यातील व्हॅसिसिन या द्रव्याच्या धर्तीवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. यांपैकी कोणताही उपाय विषाणूला मारत नाही. तो घशाला आराम देतो, कफ सैल करतो, झोप लागू देतो. बाकीचे काम शरीर स्वतः करते. साध्या पडशात तेवढे पुरते.

१९१८ मध्ये ते पुरले नाही.

जून महिन्यात मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. ती पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट मुंबईतून रेल्वेमार्गांनी देशाच्या आत शिरली. भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ पासून चालू होता. कापसाच्या गाठी मुंबईला पोहोचवण्यासाठी तो वऱ्हाडच्या मधोमध गेला होता. अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा होता. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची गाडीही युद्धापूर्वीच धावू लागली होती. ज्या वाटांनी कापूस बाहेर जाई, त्याच वाटांनी आजार आत आला. मध्य प्रांत व वऱ्हाडात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याचा कहर झाला. मराठी मुलखात त्याला नाव पडले ‘मानमोडी’.

पडशासारखा सुरू झालेला हा ताप काहींच्या बाबतीत दोन-तीन दिवसांतच फुप्फुसांत उतरे. ओठ निळसर पडत, श्वास लागे. वृद्धांपेक्षा वीस ते चाळीस वयाची धट्टीकट्टी माणसे त्याला अधिक बळी पडली, हे सर्वांत चक्रावून टाकणारे होते. आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक प्रमाणात दगावल्या.

याचे उत्तर बरेचसे घरातच आहे. तापलेल्या माणसाला पाणी पाजणे, ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज भरवणे, कपडे बदलणे, कूस वळवणे हाच त्या काळी खरा उपचार होता आणि तो करणारी व्यक्ती बहुधा घरातली बाई असे. साधे पडसे घरातल्या एकाला येते, बाकीचे त्याचे करतात. मानमोडी सगळ्यांना एकदमच आडवे करी. स्वतः तापलेली बाई इतरांसाठी उठत राही, चुलीच्या धुरात बसे, आणि तिला पेज द्यायला कोणी उरत नसे.

पाण्याचा प्रश्न तर त्याहून बिकट. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील विहिरींचे पाणी खारट. गुळण्यांपुरते ठीक, पिण्यास नको. गोड पाणी लांबून डोक्यावर आणावे लागे. १९१८ चा पावसाळा देशभर फसला होता, धान्य महागले होते, आणि कापसावर भिस्त ठेवणाऱ्या मुलखाला ज्वारीही विकत घ्यावी लागणे नवे नव्हते. पाणी आणणारेच अंथरुणाला खिळले, की काढा कशात उकळायचा?

डॉक्टरांची वानवा होती, कारण सैनिकी वैद्यकीय सेवेतील अनेक जण महायुद्धावर होते. अमरावतीकर आज ज्याला सहज ‘इर्विन’ म्हणतात, ते जिल्हा रुग्णालय ज्या व्हाइसरॉयच्या नावाने ओळखले जाते, तो हिंदुस्थानात आला तोच मुळी १९२६ मध्ये. खेड्यातल्या माणसासाठी घर हेच रुग्णालय होते, आणि १९१८ मध्ये ते रुग्णालयच बंद पडले. देशात या साथीने घेतलेल्या बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. सर्वाधिक मृत्युदर असलेल्या प्रांतांत मध्य प्रांत व वऱ्हाड होता. ११ नोव्हेंबरला युरोपात तोफा थांबल्या, तेव्हा येथे चिता विझल्या नव्हत्या.

डॉक्टर असते तरी त्यांच्या हाती फारसे काही नव्हते. इन्फ्लुएन्झा जिवाणूमुळे होतो, असा रिचर्ड फायफर यांचा १८९२ पासूनचा सिद्धान्त तेव्हा प्रचलित होता. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये वेगळा करण्यात आला, आणि साध्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसची ओळख पटायला १९५० चे दशक उजाडले. फ्लूनंतर फुप्फुसांत शिरणाऱ्या जिवाणूंनी १९१८ मध्ये असंख्य जीव घेतले. त्यांच्यावर चालणारे पेनिसिलिन पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात तयार होऊ लागले. हा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. आज तीच जातकुळीची औषधे साध्या सर्दीवर, जेथे त्यांचा काडीचा उपयोग नाही, गल्लोगल्ली गिळली जातात, हा इतिहासाचा विचित्र सूड म्हणावा.

सगळेच घसे मात्र विषाणूने धरत नाहीत. शाळकरी वयातील मुलांच्या दुखऱ्या घशामागे कधी स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू असतो. नाक वाहत नाही, खोकला नाही, पण ताप आणि गिळताना तीव्र वेदना, असे त्याचे रूप. उपचार राहिला तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा निकामी होऊ शकतात. येथे पेनिसिलिन खरोखर लागते. घशात राखाडी पापुद्रा धरणारा घटसर्प तर मुलांचा गळा अक्षरशः आवळत असे. १९७८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात त्याची लस होती. या दोन आजारांपुढे ओवा आणि अडुळसा दोघेही हतबल. उरलेल्या बहुतेक घशांना आजही कोमट पाणी, गुळण्या, विश्रांती आणि वर्षाच्या पुढच्या मुलांना चमचाभर मध पुरतो. वाफाऱ्याच्या उकळत्या पाण्याने मात्र मुले भाजतात, तेव्हा ते पातेले त्यांच्यापासून दूर बरे.

शंभर वर्षांनी हाच मुलूख पुन्हा बातम्यांत आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल सर्वप्रथम ज्या जिल्ह्यांत लागली, त्यांत अमरावती आणि अकोला होते. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूरमध्ये टाळेबंदी लागली. ज्या कुळातून पुढे ‘डेल्टा’ उपप्रकार ओळखला गेला, त्या कुळाचे विषाणू विदर्भातील रुग्णांच्या नमुन्यांतही आढळले. सुरुवात पुन्हा घशाच्या खवखवीने, आणि श्वास पुन्हा आठवड्याभरात अडकणारा. पण या वेळी अनेक घरांत बोटाला लावायचे एक छोटे यंत्र होते. त्यावरचा आकडा ९४ च्या खाली घसरला, की काढ्याचे पातेले बाजूला ठेवून गाडी इर्विनकडे निघत असे.