तळटीप १४ : ओक अ‍ॅली

१४. अठ्ठावीस खांबांची हवेली : लेखकाने नाव दिलेले नसले, तरी वर्णन अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील व्हॅशरीजवळच्या, मिसिसिपी नदीकाठच्या ‘ओक अ‍ॅली’चेच आहे. फ्रेंच वंशाचा ऊसमळेवाला झाक तेलेस्फोर रोमां याने ती १८३७ ते १८३९ या काळात बांधून घेतली. प्रत्यक्षात बांधली ती त्याच्या गुलामांनी. शैली ग्रीक पुनरुज्जीवनाची. चारही बाजूंच्या भव्य खांबांमुळे दोन्ही मजल्यांवर खोल ओसऱ्या मिळतात आणि दक्षिणेकडच्या दमट उन्हाळ्यात भिंतींवर ऊन येत नाही. खांब लांबून दगडी वाटतात. आत विटा आहेत, वरून गिलावा. समोरचे ओक वृक्षही अठ्ठावीसच. ते रोमांने लावले, हे लेखकाचे विधान मात्र चुकीचे आहे. झाडे हवेलीपेक्षा बरीच जुनी आहेत.

पुढच्या परिच्छेदातला ‘अंत्वान माळी’ म्हणजे याच मळ्यावरचा गुलाम. १८४६-४७च्या हिवाळ्यात त्याने पेकन या अक्रोडासारख्या फळाच्या झाडावर यशस्वी कलमे बांधली. पातळ कवचाच्या त्या वाणाला १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात गौरव मिळाला आणि प्रदर्शनाच्या शताब्दी निमित्तावरून ‘सेंटेनियल’ हे नाव पडले. हवेलीच्या कीर्तीपेक्षा हे काम मोठे, असे प्रस्तुत संपादकाचे मत आहे. यादवी युद्धानंतर, १८६६ मध्ये, मळा लिलावात गेला. १९२५ पासून स्टुअर्ट दांपत्याने हवेलीची डागडुजी केली. ती आता न्यासाच्या ताब्यात असून पाहण्यास खुली आहे.