भोसले घराण्याचे मूळ

छत्रपती शिवाजी महाराजांच्या कुळाचा उगम शोधण्याचा इतिहासलेखनातील प्रश्न. बाबाजी, त्यांचे पुत्र मालोजी व विठोजी आणि मालोजींचे पुत्र शहाजी येथपासून वंशावळ भक्कम आहे. वेरूळची पाटीलकी याच घराण्याकडे होती. बाबाजींच्या मागे मात्र कागद विरळ होतात.

चितोड 1303 मध्ये पडल्यावर सिसोदिया वंशातील एक शाखा दक्षिणेत आली, अशी परंपरा आहे. 6 जून 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी गागाभट्टांनी महाराजांचे क्षत्रियत्व मान्य केले, तेव्हा हाच आधार पुढे आला. तो केवळ त्या प्रसंगासाठी रचला असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण शहाजीराजांनी त्याआधीच आदिलशहाला लिहिलेल्या पत्रात स्वतःला राजपूत म्हटले आहे. तरीही दावा जुना असणे वेगळे आणि तो सिद्ध होणे वेगळे. मधल्या पिढ्या जोडणारी, याच कुळाची शाखा मानल्या जाणाऱ्या मुधोळकर घोरपड्यांकडील फर्माने अस्सल की बनावट, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर तेथील भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 मध्ये देवनागरीत कोरवून घेतलेला प्रदीर्घ मराठी वंशेतिहास इतर वंशावळींशी पूर्णपणे जुळत नाही. रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाच्या उपासनेचा माग काढत घराण्याचे मूळ कर्नाटकातील होयसळांकडे नेले. हा सर्वांत वेगळा युक्तिवाद होय.