उजेडाचा वाटा

लहानसे घर बांधू पाहणाऱ्याला नगरपालिकेचा नियम प्रथम शत्रूच वाटतो. जागा आपली, पैसा आपला. मग चहूबाजूंनी जमीन मोकळी का सोडायची? मलाही हा प्रश्न पडे. त्याचे उत्तर मला मुंबईच्या इतिहासात सापडले.

१८९६ साली तेथे प्लेग आला. चाळी एकमेकींना इतक्या खेटून होत्या की कित्येक खोल्यांत भर दुपारी अंधार असे. १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे त्याचे अध्यक्ष झालेल्या जे. पी. ऑर यांनी ६३.५ अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. घराच्या पायथ्यापासून या कोनात काढलेली तिरपी रेघ समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून गेली पाहिजे. म्हणजे समोरची भिंत २० फूट उंच, तर मध्ये १० फूट मोकळे! १९६० नंतरच्या दशकात चटईक्षेत्राचे बंधन आले आणि किती बांधायचे यालाही माप लागले.

लहान भूखंडावर हे बंधन जाचते, हे खरेच. एक खोली कमी झाली की संसार अडतो. पण आपण सोडलेली पट्टी शेजाऱ्याच्या खिडकीत उजेड होऊन जाते आणि त्याने सोडलेली आपल्या माजघरात येते.