तळटीप : ‘जऊळका, जिल्हा बासिम’

मूळ मजकुरातले ‘बासिम’ म्हणजे आजचे वाशीम. जऊळका (जऊळका रेल्वे) आज वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात आहे. जुन्या कागदांत मात्र त्याचा जिल्हा काळानुसार बदलतो, म्हणून वाचकाने आधी कागदाचे वर्ष पाहावे. १८५३च्या तहानंतर निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्यातील बासिम जिल्ह्यात बासिम, मंगरूळ आणि पुसद हे तीन तालुके होते. १९०५मध्ये हा जिल्हा मोडला. बासिम व मंगरूळ अकोल्याला जोडले गेले आणि पुसद यवतमाळकडे गेला. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला, पण पुसद परतला नाही. त्यामुळे ‘जुना जिल्हा परत मिळाला’ असे सरसकट म्हणणे चूक ठरेल.

‘बासिम’ हे इंग्रजी दप्तरातले रूप. नावाचे मूळ बरेच जुने, वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. वाशीमलाच मिळालेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वत्सगुल्माहूनच दिलेला आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावला. या मुलखाला एवढा मोठा मान क्वचितच कोणी दिला असेल.