डांबराच्या गोळ्याचा उगम कसा शोधतात?

बारामती-इंदापूरकडे विहीर खोदली की काळा पाषाण लागतो. हा लाव्हा थंड होऊन बनलेला बसाल्ट, त्यात खनिज तेल तयार होत नाही. तरीही तेलाचा उगम शोधायची पद्धत तुम्ही समजून घ्यावी असं मला वाटतं, कारण तुमचा विषय कुठलाही असला तरी ती उपयोगी पडेल.

सुरुवात उसापासून करू. कांडीवर बोट फिरवलंत की पांढरट मेण लागतं. झाडांच्या पानांवरही मेण असतं. त्यातल्या अल्केनमध्ये २७, २९, ३१ अशा विषम संख्येनं कार्बन असलेल्या साखळ्या जास्त असतात. वनस्पती गाळात गाडली गेली, लाखो वर्षं लोटली, तरी सजीवांमधल्या काही रेणूंचा सांगाडा ओळखू येईल इतका टिकतो. अशा रेणूंना बायोमार्कर म्हणतात.

१९३४ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांनी खनिज तेलातली पॉर्फिरिन संयुगं हरितद्रव्याशी जोडून दाखवली. तेल सजीवांपासून बनलं, याचा तो भक्कम रासायनिक पुरावा ठरला. पुढे गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीची जोडी आली आणि होपेनसारखे रेणू मोजता येऊ लागले. होपेन मुख्यतः जिवाणूंच्या पेशीपटलातून येतात. समुद्रात तेल सांडलं की हलका भाग उडून जातो, सरळ साखळ्या जिवाणू खातात, होपेन मात्र बराच काळ टिकतात.

आता आपला पश्चिम किनारा बघा. पावसाळ्यात गोव्याच्या आणि दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे, म्हणजे टारबॉल, येऊन पडतात. १९७४ साली सापडलेलं बॉम्बे हाय क्षेत्र याच समुद्रात आहे, त्यामुळे पहिला संशय तिकडेच जाणार. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी हा संशय तपासला. गोव्याचे गोळे आणि बॉम्बे हायचं तेल यांतले अल्केन, होपेन आणि कार्बनची समस्थानिकं त्यांनी मोजली. शिवाय मध्यपूर्व आणि आग्नेय आशियातल्या तेलांच्या प्रकाशित आकड्यांशी तुलना केली. २०१३ साली निष्कर्ष आला: स्रोत बॉम्बे हाय नाही. तेल आग्नेय आशियाचं, टँकर धुताना समुद्रात गेलेलं.

इथेच थांबलो असतो, तर बॉम्बे हाय कायमचं निर्दोष ठरलं असतं. पण जुलै २०१२ मध्ये तिथल, मरोली, उंबरगाव आणि नारगोल इथून १२ नमुने गोळा केले होते. तुलनेला बॉम्बे हायचे दोन नमुने होते, इतर क्षेत्रांची तेलं होती आणि २०१० साली मुंबईजवळ अपघात झालेल्या एमएससी चित्रा जहाजाचं तेलही होतं. या वेळी रसायनशास्त्रानं बोट दाखवलं ते बॉम्बे हायकडे. मग प्रवाहांचं संगणकीय प्रारूप चालवलं, तेव्हा उगम त्या क्षेत्राच्या उत्तर भागात निघाला.

किनारा तोच, पद्धतही जवळपास तीच, पण उत्तरं दोन आणि दोन्ही आपापल्या नमुन्यांपुरती. मासेमारी आणि पर्यटनाचं नुकसान कोणाच्या खात्यावर टाकायचं, हे अशा उत्तरांवर अवलंबून असतं. म्हणून संशोधन आराखडा लिहायला बसाल तेव्हा तीन गोष्टी आधी ठरवा: तुलनेसाठी कोणकोणते नमुने घेणार, एक पुरावा कमी पडला तर दुसरा कुठून आणणार, आणि निष्कर्ष कुठल्या जागेपुरता व कुठल्या काळापुरता मांडणार.