घरगुती हायड्रॉलिक यंत्रहस्त : खरी कसोटी पंपांच्या नियंत्रणाची

पुठ्ठा किंवा प्लायवूडचा हात, त्याला जोडलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजा आणि रंगीत पाण्याने भरलेल्या नळ्या. शालेय विज्ञान प्रदर्शनांत हमखास दिसणारी ही प्रतिकृती आहे. एक सिरिंज दाबली की दुसरीचा दट्ट्या बाहेर येतो आणि हात उचलला जातो. मात्र बोटाऐवजी विजेच्या मोटारीवर चालणारा पंप बसवला की या खेळण्याचे यंत्रात रूपांतर होते आणि अडचणींनाही तेथूनच सुरुवात होते.

चंद्रपूर जिल्ह्यात माणिकगडच्या डोंगरावर, तेलंगणाच्या सीमेलगत वसलेल्या जिवतीसारख्या तालुक्यातील विद्यार्थ्यासाठी या अडचणींचे मोल अधिक आहे. शहरात मोटार किंवा सर्किट जळाले तर संध्याकाळपर्यंत नवे मिळते. जिवतीहून मात्र त्यासाठी घाट उतरून चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे लागते. केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर अवॉर्ड-मानक' योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला कल्पना साकारण्यासाठी १० हजार रुपये मिळतात. एवढ्या रकमेत दोनदा चुकण्यास फारसा वाव नसतो. त्यामुळे खरेदीपूर्वीच नियंत्रणाचे गणित समजून घेणे हिताचे ठरते.

दाब आणि प्रवाह

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कल यांचा नियम. त्यांचा या विषयावरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा यांनी इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. १९६१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात रुजू झालेला 'युनिमेट' हा पहिला औद्योगिक यंत्रमानवही हायड्रॉलिकच होता. जिवतीच्या डोंगराखाली, राजुरा तालुक्यातील खुल्या कोळसा खाणींत चालणारी उत्खनन यंत्रे याच नियमावर काम करतात.

२० मिलीलिटरच्या सिरिंजचा आतील व्यास सुमारे २० मिलीमीटर, म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ३.१ चौरस सेंटिमीटर असते. १ बार दाबाला त्यावर साधारण ३ किलो वजनाइतके बल मिळते. दट्ट्या सांध्यापासून ३ सेंटिमीटरवर आणि ओझे ३० सेंटिमीटरवर असेल, तर प्रत्यक्षात जेमतेम ३०० ग्रॅम उचलले जातात. घर्षण आणि हाताचे स्वतःचे वजन वजा केल्यास त्याहूनही कमी.

मत्स्यपेटीत वापरला जाणारा छोटा पंप पाणी फार तर मीटरभर उंच चढवतो. १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे अंदाजे १ बार दाब. म्हणजे हा पंप फक्त एक दशांश बार दाब देतो आणि त्याच हाताने ३० ग्रॅमच उचलले जातात. शिवाय पंप बंद होताच पाणी त्यातूनच मागे फिरते व हात खाली येतो. अनेक प्रतिकृती येथेच फसतात. त्या तुलनेत जलशुद्धीकरण यंत्रातील २४ व्होल्टचा पंप काही बार दाब देऊ शकतो. परंतु तो पाणी एकाच दिशेने ढकलतो. त्यामुळे प्रत्येक सांध्यासाठी पाणी आत सोडणारी एक आणि बाहेर काढणारी एक, अशा दोन विद्युत झडपा लागतात. दट्ट्या परत आणण्याचे काम हाताचे वजन किंवा रबर करते.

वेग हाती, जागा नाही

येथे सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. मोटारीचा वेग बदलला की पंपाचा प्रवाह बदलतो, म्हणजेच हाताचा वेग बदलतो. हात नेमका कोठे आहे, हे मात्र पंपाला कधीच ठाऊक नसते. मिनिटाला ६०० मिलीलिटर पाणी देणारा पंप २० मिलीलिटरची सिरिंज २ सेकंदांत भरतो. तो थांबवण्यास एक दशांश सेकंद उशीर झाला, तर १ मिलीलिटर पाणी जास्त जाते. पूर्ण सिरिंजमागे सांधा ९० अंश वळत असल्यास ही चूक साडेचार अंशांची होते. पंप किती सेकंद चालवायचा, एवढ्याच हिशेबावर हात चालवणे म्हणूनच भरवशाचे नाही.

उपाय म्हणजे सांध्यावर पोटेन्शिओमीटर बसवणे. रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारे बटण ज्यावर असते, तोच हा भाग. आर्डुइनोसारखा नियंत्रक त्याचे वाचन ० ते १०२३ या आकड्यांत करतो. हवा असलेला कोन आणि प्रत्यक्ष कोन यांतील फरक जितका मोठा, तितका पंप वेगात चालवायचा. फरक कमी होत गेला की वेग उतरवायचा. फरक २ अंशांच्या आत येताच पंप थांबवून झडपा बंद करायच्या. हा पट्टा ठेवला नाही, तर हात लक्ष्याभोवती थरथरत राहतो.

मोटारीचे नियंत्रण

मोटारीचा वेग बदलण्यासाठी वीजपुरवठा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केला जातो. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. आर्डुइनोवर त्याची पट्टी ० ते २५५ असते. एका ठरावीक आकड्याखाली मोटार फक्त गुणगुणते, फिरत नाही. हा आकडा प्रत्येक पंपासाठी प्रयोगाने शोधावा लागतो आणि वेगाची मोजणी तेथूनच सुरू करावी लागते.

नियंत्रकाच्या पिनमधून सुमारे २० मिलीअँपिअर प्रवाह घेणे सुरक्षित, तर छोट्या पंपाला अर्धा ते दोन अँपिअर लागतात. सुरू होण्याच्या क्षणी त्याची गरज कितीतरी पटींनी वाढते. त्यामुळे मोटार थेट पिनला कधीही जोडू नये. एका दिशेने फिरणाऱ्या पंपासाठी मॉस्फेट, तर दोन्ही दिशांनी फिरणाऱ्या पंपासाठी एच-ब्रिज वापरावा. मॉस्फेट वापरताना मोटारीला व झडपेला उलट दिशेने डायोड जोडणे अनिवार्य आहे. वीज तुटताच गुंडाळीतून उसळणारा व्होल्टेज अन्यथा सर्किट जाळतो. पंपाचा वीजपुरवठा स्वतंत्र ठेवावा, त्याची ऋण बाजू नियंत्रकाशी जोडावी आणि मार्गात फ्यूज बसवावा.

स्वस्त पर्याय

खर्च आटोक्यात ठेवायचा असेल, तर पंपाऐवजी मोटारीने सिरिंजच दाबण्याची पद्धत सोपी पडते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी ८ मिलीमीटरची आट्यांची सळई मोटारीने फिरवायची आणि तिच्यावरील नटाने दट्ट्या ढकलायचा. या सळईच्या एका फेऱ्यात नट सव्वा मिलीमीटर सरकतो, म्हणजे २० मिलीमीटर व्यासाच्या सिरिंजमधून सुमारे ०.४ मिलीलिटर पाणी जाते. फेऱ्या मोजल्या की पाणी मोजले जाते. झडपा लागत नाहीत. वीज गेली तरी आटे मागे फिरत नाहीत, त्यामुळे हात जागीच राहतो. वेग मात्र कमी मिळतो.

सुरक्षितता

नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तो दाबला जातो आणि हात लवचिक होतो. त्यामुळे पाणी भरताना सर्व हवा काढून टाकावी. दट्ट्या टोकाला पोहोचल्यावरही पंप चालू राहिला, तर नळी निसटते किंवा फुटते. यासाठी जादा दाबाला पाणी टाकीत परत सोडणारी झडप आणि टोकाला मोटार बंद करणारा स्विच हवा. आणीबाणीचे बटण नियंत्रकाला सूचना देणारे नसावे, ते पंपाचा वीजपुरवठाच तोडणारे असावे. पंप थांबला तरी ओझे खाली येणार नाही, याचीही खात्री करावी. खाणीतील उत्खनन यंत्रातही हीच काळजी घेतली जाते. नळी फुटली तरी उचललेला भार कोसळू नये म्हणून तेथे भार रोखून धरणाऱ्या झडपा बसवतात.

चार सांधे एकाच वेळी जोडण्याऐवजी आधी एकच सांधा तयार करावा, तो रिकामा चालवावा, मग ओझे वाढवत न्यावे. पहिल्या सांध्यात पंपाची क्षमता आणि सर्किटमधील उणीव कळली, तर उरलेल्या तीन सांध्यांचे पैसे वाचतात.